लगाम सोडून पाहिला तेव्हा

"एकदम गरीब गाय आहे" असं कोणी म्हटलं का मले पहिले शंका येते. काहून, ते सांगतो.

माझी वरात इतवारीच्या बाजारातून चालली होती. कामठीचा घोडीवाला म्हणे, "घोडी गरीब गाय आहे, जी." पण मी वरून पाहून राहिलो, तं या बुवानं लगाम दोन्ही हातांनी गच्च धरलेला. ओठातली बिडी पेटवाले सुद्धा हात सोडेना!

म्हटलं, "गाय आहे, तं लगाम काहून नाही सोडत गा?"

"सवय आहे, जी."

"मंग सोड. पाहू दे मले."

त्यानं सोडला. तेवढ्यात बँडवाल्यानं झांज हाणली आन् घोडी सरळ भांड्याच्या दुकानात घुसली. मी मुंडावळ्यांसकट पातेल्यांत पडलो. घोडीवाल्यानं आरामात बिडी पेटवली आन् म्हणे, "मी धरून होतो तोवर गरीबच होती न, जी."

पुढे माझी पोरगी लग्नाची झाली. एक पोरगा पाहाले आला. मध्यस्थ म्हणे, "पोरगा गरीब गाय आहे, जी."

झालं! मी पोराकडे नीट पाहिलं. बाजूले त्याची आई, त्याचं मनगट धरून बसलेली.

मी पोराले विचारलं, "नोकरीत राग-बिग येते का गा?"

आई म्हणे, "छे! त्याले रागच नाही येत."

"दोस्त लोक कसे आहेत?"

"दोस्तच नाहीत त्याले," पुन्हा आईच.

मी म्हटलं, "बाई, जरा त्याचा हात सोडा. पाहू द्या मले."

हे ऐकल्याबरोबर आमच्या घरचीनं आमच्या मधातल्या कपबशा उचलून आत नेल्या.