सायलीचे सुटलेले आंबे

सायलीचं कौतुक मला सांगू नका! कोडिंगच्या क्लासला आम्ही दोघांनी झाडावरचे आंबे काढायचा आपापला गेम केला. कलमाच्या झाडावरच्या चाळीस आंब्यांचं एक टेबल, म्हणजे कोडमधली यादी, होतं. मी प्रत्येक आंब्याला वेगळी ओळ लिहीत बसलो. हिने तेच काम पुन्हा पुन्हा करणारा एक लूप लावला, तीन ओळींत काम खलास. जळलोच मी.

पण गेम चालवला तर हिचे निम्मे आंबे झाडावरच! एक आंबा टेबलातून काढला की पुढचा त्याच्या जागी सरकायचा आणि लूप त्याला ओलांडून जायचा. मला कोण आनंद! मुद्दाम बाबांना बोलावून दाखवलं. पावस गावी आंब्याची बाग आहे आमची.

बाबा म्हणाले, "ह्या मुलीला बाग कळते. पहिल्या तोडीला कोवळे आंबे ठेवायचेच असतात. तू मात्र अख्खं कलम ओरबाडलंस!"