आदल्या दिवशीचा मेसेज

— नाही हो विद्याधरअण्णा, स्वतःला कशाला दोष लावून घेता? तुमच्या आई, अंबूबाई, म्हणाल्या, आज अमावस्या, आज सुई नको — आता त्यांच्या वयाच्या माणसाला काय ओढून आणणार डायलिसिसला? आजवर कधी अडलं होतं? नाही ना? अमावस्येला डायलिसिसची पाळी आली की मेसेज यायचाच, आदल्या दिवशी या म्हणून. कोण पाठवायचं? सिस्टर? छे, तिला पत्ताही नव्हता! हॉस्पिटलचं ते जुनं सॉफ्टवेअर आपलं आपणच पाळी एक दिवस अलीकडे घ्यायचं. कधीकाळी कुणीतरी लिहून ठेवलेलं, लिहिणारा नोकरी सोडून गेला, आणि इथल्या सगळ्यांना वाटायचं, हे असंच असतं —

मला कसं ठाऊक? स्वल्प ऐका तर. नवीन सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं, बेंगळुरातल्या हेब्बाळच्या. जुन्याला ठिगळं फार, म्हणून ते टाकून पहिल्यापासून लिहिलं. आता घाई असते, पोरं लिहितात, एखादी गोष्ट राहून जाते — नाही, राहून नाही गेली. खोटं कशाला बोलू, त्या दारापलीकडं आई श्वासासाठी झगडतायत. आमच्या टीममधल्या मनस्विनीनं विचारलं होतं, सर, जुन्या कोडमधली ही अमावस्येची ओळ कशाला आहे, हॉस्पिटलला विचारू का? आणि मी हसलो. मी! निपाणीचा माणूस, माझी आई अमावस्येला नवं लुगडं नेसत नाही, मला कळू नये? म्हटलं, अंधश्रद्धा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नको, काढून टाक. सगळे हसले. फार बरं वाटलं हो मला, मोठा सुधारक झाल्यासारखं —

मग या वेळी पाळी लागली ती थेट अमावस्येचीच. आई आल्या नाहीत, पुढची पाळी येईतो छातीत पाणी झालं. यात तुमचं काय चुकलं? असं बघू नका अण्णा — नाही, बघा. कुणाला तरी भेटायला आलोय म्हणालो, तेही खोटंच. त्या दिवशी इतकी माणसं का आली नाहीत, ते बघायला कंपनीनं पाठवलं मला, आणि इथं बाकावर तुम्ही मराठीत रडताना —

काय सिस्टर? अंबूबाईंचं कोण? आलो, आलो — अय्यो, मी कशाला उठलो... तुम्ही जा अण्णा. तुम्हाला बोलावतायत. जा ना.