रिकाम्या ड्रमाचा वास

…आणि वर मलाच विचारतात, "महिपत, एकोणीस वर्षं कंपनीत काढलीस, तुला कळायला नको होतं?" अहो, कळत होतं! तेच तर दुखणं हाय ना! न कळून चुकला त्याला देव तरी माफ करतो, कळून चुकला त्याला घरातली बाई पण माफ करत नाय. तुम्हाला सांगतो, नियम मला तोंडपाठ. आत्ता उभ्या उभ्या म्हणून दाखवतो, एक शब्द चुकला तर कान धरा माझा!

दर मार्चला कंपनीत सुरक्षा सप्ताह असतो. मंडप, हार, गोड शिरा, आणि आमचे सेफ्टीवाले साहेब. गोरेपान, बूट असे की त्यात तोंड बघून दाढी करावी. माईक हातात घेतला की, "कामगार बंधूंनो! ॲनिलीन हे रसायन दिसायला तेलासारखं, पण जात्याच घातक! ते नाकातून जातं, तोंडातून जातं, आणि विशेष म्हणजे का-त-डी-तून जातं! म्हणून हातमोजे घाला. अंगावर पडलं तर कपडे ताबडतोब उतरवा, भरपूर साबणपाण्याने धुवा. ओठ, नखं निळी पडली तर वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना रसायनाचं नाव सांगा. ओळख पटवण्यासाठी कधीही वास घेऊ नका! आणि रिकामा ड्रम भरलेल्या ड्रमाइतकाच घातक समजा, तो भोकं पाडून नष्टच झाला पाहिजे!" मग पाठांतर स्पर्धा. तुडीलचा रामजी दुसरा आला, वासाचा नियम विसरला बिचारा. पहिला कोण? मी! फोटो काढला, फळ्यावर लावला, 'सुरक्षा विजेता'. बक्षीस स्टीलचा डबा. आमच्या हिनं, आवडीनं, घरी आणल्या आणल्या त्यात सुकट भरली.

ती सुकट ध्यानात ठेवा. तिनंच घात केला… नाय, सुकटीनं नाय. माझा मीच केला.

आता आमची वाडी. उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगरावर. पावसात अंगणातून ओढा वाहतो, आणि मे लागला की घशाला कोरड. मग तिसऱ्या दिवशी टँकर. आणि त्या टँकरवाल्याचा एकच कायदा, रांगेत ड्रम असेल त्याला पाणी. हंडे-कळश्या घेऊन गेलात तर तो वरून बघतो, "काकू, चमच्यानं भरू काय?" म्हणून आमच्याकडं ड्रमाची किंमत जावयापेक्षा जास्त. जावई रुसला तर चालतो, ड्रम फुटला की घरात सुतक! सोयरीक जमवताना पोरीकडचे आता शेत बघत नाय, पडवीत नजर टाकतात, ड्रम किती? आणि अख्ख्या वाडीत कंपनीत कोण? मी! तुम्हीच सांगा, ड्रम कुणाला मागणार? राहीबाईला मी दिला, हैबतीला मी दिला, बारा-पंधरा घरांत मीच दिलेत. कंत्राटदार म्हणायचा, "ने रे, भंगारातच जाणार हाय." आणि साहेब? साहेब गेटवर समोरून बघायचे आणि मोबाईल कानाला लावायचे. नियम मला तोंडपाठ, त्यांना पण तोंडपाठ!

यंदा मे महिन्यात आमचा सुनील मुंबईहून आला, सेजलला सोडून गेला सुट्टीला. माझी नात. सात वर्षांची, इतकुशी, बोलणं मात्र वकिलाचं. "आजोबा, तुमच्याकडे शॉवर नाहीये का?" शॉवर! आवडी मला म्हणाली, "अवो, पोरगी आलीय, एका ड्रमात भागायचं नाय. आणखी एक आणा की." आणला. निळा, दोनशे लिटरचा, नव्यासारखा. त्यावर कवटीचा कागद. आवडी म्हणाली, "दारात कवटी कशाला? पाहुणंरावळं येतात." मग मी बसलो, रॉकेलचा बोळा घेतला आणि कवटी खरवडून काढली. खाली रसायनाचं नाव होतं, ते पण गेलं. वरचं तोंड करवतीनं कापलं. झाला ड्रम!

आता धुवायचा. त्याचं असं हाय, ड्रम उंच, हात तळाला पोचत नाय. आमच्या वाडीत रीत काय? घरातलं लहान पोर आत उतरवायचं, हातात राख न् काथ्या द्यायचा, ते आतून घासतं. सगळी घरं तेच करतात, पोरांना पण मजा वाटते, आतून आरोळ्या ठोकतात, आवाज घुमतो. टँकर यायला दुपार होती. मी सेजलला बगलेत धरली आणि उतरवली. कुणी? मी! 'सुरक्षा विजेता'! ह्या हातांनी!

आत गेल्या गेल्या ओरडली, "छी आजोबा! फिश मार्केटसारखा वास येतोय!"

तुम्हाला सांगतो, त्या रसायनाचा वास सडक्या मासळीचा. एकोणीस वर्षं घेतोय मी तो. आतून तळाला काळ्या चहासारखं काहीतरी चिकटलेलं पण दिसत होतं. तिला वर काढायला मी हात पुढं केला. आणि तेवढ्यात आवडी चुलीपासून म्हणते, "सुकट वाळत घातलीय गो बाय पडवीत, तिचा वास तो!" आणि मला बरं वाटलं! अहो, काय सांगू, इतकं बरं वाटलं! दुसऱ्या कुणाला मासळीचा वास आला तर तो पळेल, आम्हाला मासळीचा वास आला की भूक लागते! मी म्हटलं, सुकटच असणार. माहीत असून म्हटलं. घासू दिली. अर्धा तास. उघड्या हातापायांनी.

दुपारी जेवायला बसली तर जेवेना. "आजोबा, डोकं गरगरतंय." बघतो तर ओठ जांभळे. आवडी हसली, "जांभळं खाऊन आली ग लबाड!" मी पण हसलो. मग म्हटलं, जीभ दाखव. जीभ पण तशीच. नखं दाखव. नखांनी कधी कुणी जांभळं खाल्लीत? मी उठलोच! नियम मला तोंडपाठ! कपडे काढा… काढले. भरपूर साबणपाण्याने धुवा… भरपूर पाण्याने! कुठून आणू भरपूर? टँकर यायचा होता हो! घरात दीड कळशी! शेजारून तांब्या तांब्या गोळा केलं, राहीबाईनं देवघरातला गडू पण आणून ओतला, तेवढ्यात ती पोर धुतली. साहेब, तुमच्या नियमात 'भरपूर' लिहिलंय, ते कुठल्या गावचं?

कंत्राटदाराला फोन केला, गाडी द्या. गाडी दिली, खोटं कशाला बोलू. घाटातनं महाडच्या दवाखान्यात पोचलो तर पोर माझ्या मांडीवर झोपल्यासारखी, ओठ शाईसारखे. डॉक्टरीण तरुण, हुशार. "काय खाल्लं?" आवडी म्हणते, "जांभळं." तिनं कापसानं ओठ पुसला, कापूस पांढराच. सुईनं रक्त काढलं, रक्त कसलं, चॉकलेटी! ती माझ्याकडं वळली, "कुठल्या केमिकलशी संबंध आला का? नाव सांगा, नाव कळलं तर इंजेक्शन देता येईल." आणि नेमका माझा फोन वाजला. कंत्राटदार. "महिपत, ऐक. जांभळं सांग. ड्रमाचं नाव तोंडातून निघालं तर सोमवारपासून गेटवर दिसू नको. तू चोरलास म्हणेन मी."

फोन खिशात टाकला. सलाईनचे थेंब पडत होते, ते मी मोजले. अकरा. पोर निळी पडलेली समोर, आणि आजा अकरा थेंब नोकरीचा विचार करतोय! दुसऱ्या कुणाला नाय सांगितलं हे, तुम्हाला सांगतो.

मग तोंड उघडलं तर नुसतं नाव निघेना, सगळाच पाठ निघाला! "ॲनिलीन हे रसायन दिसायला तेलासारखं पण जात्याच घातक ते नाकातून जातं तोंडातून जातं आणि विशेष म्हणजे का-त-डी-तून…" रडतोय आणि म्हणतोय, म्हणतोय आणि रडतोय! डॉक्टरीण ओरडली, "अहो आजोबा, हे आधी सांगायचं ना!" आणि धावली. इंजेक्शन आणलं तर ते पण निळं! निळ्या ड्रमानं निळी केलेली पोर निळ्या औषधानं गोरी झाली. संध्याकाळी डोळे उघडले, लघवीला गेली आणि आतून किंचाळली, "आजोबा, माझी शू हिरवी झाली!" मी भिंतीला टेकून खाली बसलो, हसलो की रडलो ते आवडीला विचारा.

वाचली पोर. पण सुनील आला तो माझ्याशी बोलला नाय. जाताना दारातनं एवढंच, "बाबा, तुम्हाला सगळं माहीत होतं. आता सेजल इकडे येणार नाय." गेले. सोमवारी मी गेटवर गेलो, वॉचमननं आत सोडलं नाय. फाटकातनं फळा दिसत होता. माझा फोटो आत, हार घातलेला. मी बाहेर.

घरी येऊन पहार घेतली, जुना ड्रम चिरून टाकला आणि नव्याला आठ भोकं पाडली, नियमाप्रमाणं. मग घरोघर फिरलो, "फोडा रे! पोरं उतरवू नका गो आत!" सगळे ऐकून घेतात हो. सगळ्यांना पटतं. राहीबाई डोळे पुसत म्हणाली, "खरं हाय बाबा. पण फोडला तर पाणी कशात भरू? तुझ्या बक्षिसाच्या डब्यात?" शेवटी ठरलं काय, तर महिपतनं प्रत्येक ड्रमाचा वास घ्यायचा. ज्याला वास येईल तो फोडायचा, बाकीचे ठेवायचे. ओळख पटवण्यासाठी कधीही वास घेऊ नका… नियम मला तोंडपाठ! तरी घातलं तोंड ड्रमात. नाय घालणार तर काय करणार, दुसऱ्याची पोरं आत उतरतायत ना!

पहिल्या ड्रमाला वास आला. दुसऱ्याला आला. तिसऱ्याला आला. हैबतीनं पोलादपूरच्या बाजारातनं कोरा करकरीत आणलेला, त्याला पण आला! हंड्याला येतो, तांब्याला येतो, माझ्या हाताला येतो. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. हैबती म्हणाला, "महिपतचं नाक फिरलंय रे. त्याच्या नाकाचं आता काय खरं नाय." तेवढ्यात खालच्या वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. झाली पळापळ! ड्रम पुन्हा रांगेत, एकूण एक. माझा आठ भोकांचा पण होता त्यात. हैबतीनं नेऊन भोकांना एमसील लावलं होतं, "इतका चांगला ड्रम वाया का घालवायचा?"

माझ्याकडं ड्रम नाय, म्हणून आवडी राहीबाईच्या ड्रमातनं हंडाभर घेऊन आली. तांब्या भरून माझ्या हातात दिला. मी नाकाशी नेला. आला ना वास!

आवडी म्हणाली, "अवो, हुंगत काय बसलाय? ऊन बघा किती पडलंय. प्या."

प्यायलो.