गरगरतं इंजिन कुणी घडवलं

माझं माहेर देवबागकडचं, लोहाराचं. बाप होड्यांचे खिळे करायचा, नांगर करायचा, आणि भाता ओढायला मी, कारण थोरल्या बहिणींना धूर सोसायचा नाही आणि भावाला कंटाळा. लहानपणापासून भाता ओढून माझा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झालेला. लग्न होऊन वेंगुर्ल्याच्या अलीकडे सासरी आले तर सासूनं हातात बांगड्या भरताना बघितलंन आणि म्हणाली, ह्या काय गो, एक हात चेडवाचो आणि एक हात रेड्याचो? सगळ्या बायका हसल्या, मी पण हसले, रडून काय करणार. शाळेत कुणी घातलंन नाही. अक्षरं मी पुडीच्या कागदांवरून शिकले.

आमचे हे आगबोटीवर होते. बोटीवर म्हणजे बोटीच्या पोटात, बॉयलरपाशी. आधी कोळसा घालायचे, मग इंजिनाला तेल द्यायला लागले. पावसाळ्यात आगबोटी बंद, तेव्हा हे घरी. दुसरी माणसं पावसात जाळी विणतात, शेत करतात, आणि आमचे हे पडवीत बसून तोंडानं वाफेचे आवाज काढतात. काय सांगू तुम्हाला, नवी नवरी मी, मला वाटलं ह्यांना बाहेरचं काही लागलंय.

त्यांचं म्हणणं साधं होतं. बोटीच्या इंजिनात दट्ट्या वर जातो, थांबतो, खाली येतो, परत थांबतो, आणि त्या वर-खालीचं मग दांड्यांनी फिरणं करायचं, त्यापेक्षा वाफेनं सरळ फिरवावंच. असं गरगरतं इंजिन ह्यांच्या आधीही लोकांनी केलं होतं, बोटीवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं ह्यांना ते सांगितलं होतं आणि हेही सांगितलं होतं की सगळ्यांनी ते सोडून दिलं, कारण आत वाफ पळते. म्हणजे ह्यांना नवीन काही काढायचं नव्हतं, लोकांचं अर्धं राहिलेलं पुरं करायचं होतं. मी म्हटलं ते नेमकं असतं तरी कसं, तर मला चुलीपाशी बसवून दाखवलंनी. एक लोखंडी गोल डबा. डब्यात एक जाड लाटणं, पण मधोमध नाही, एका अंगाला सरकवून बसवलेलं. लाटण्याला उभ्या चिरा, चिरांत आत-बाहेर सरकणाऱ्या पात्या. वाफ शिरली की पातीला ढकलणार, पाती लाटण्याला फिरवणार, लाटण्याच्या दांड्यावर पट्टा, पट्ट्यावर भाताची गिरण. आमच्याकडे तेव्हा वीज कुठली, डिझेल परवडत नाही, पण काजूच्या साली जाळायला हव्या तेवढ्या.

मोडीत काढलेल्या लाँचीचा लहानसा बॉयलर त्यांनी गाडीवर घालून आणला. बाप वारल्यावर माहेरचा भाता मी मागून घेतला, भाऊ तसाही फेकणारच होता. झाली आमची मांगरात, म्हणजे घरामागच्या लाकडं-गवत ठेवायच्या खोपीत, भट्टी. हे ठोकायचे, मी भाता ओढायची. रेड्याचा हात कामाला आला म्हणा.

आणि थोरले दीर, आबा, ओट्यावरून बघायचे. घरातले कर्ते ते, शब्द त्यांचा. गावात बोलायला पुढे तेच, आमचे हे चार माणसांत घसा खाकरायचे आणि गप्प बसायचे. आबा म्हणायचे, बारक्या, वाफ धरून खंय मोठो होतलस? त्यापेक्षा शेवयो कर, खाऊक तरी गावतीत. कुणी पाहुणा आला की त्याला मुद्दाम मांगराकडे न्यायचे, येवा, आमच्या बारक्याचो गरगरो बघा, भात कांडत नाय पण घाम बरो काढता.

त्यांचंही खोटं नव्हतं. इंजिन फिरायचं, पण जोर नाही. पातीचं टोक डब्याला घट्ट टेकायला हवं, ते टेकायचं नाही, आणि मधल्या फटीतून वाफ निघून जायची. ह्यांनी पात्यांच्या खाली स्प्रिंगा बसवल्या. गरम झाल्या की मेल्या ढिल्या. जाड बसवल्या तर पाती इतकी दाबायची की डबाच खरवडून निघायचा. पुढच्या पावसात परत तेच, त्याच्या पुढच्या पावसात परत तेच. ह्यांचं जेवण तुटलं.

एकदा भात्याचा पडदा फाटला. भात्याच्या आत भोकावर चामड्याचा तुकडा असतो बघा, भाता उघडला की तो उचलतो आणि वारा आत येतो, भाता दाबला की तोच वारा त्याला भोकावर चिकटवतो. तो मी शिवत बसले होते आणि हे शेजारी भाकरी खाता खाता स्प्रिंगेला शिव्या देत होते. मी म्हटलं, अहो, ह्या पडद्याक खंय स्प्रिंग आसा? वारोच तेका दाबता. जितको वारो जोरान तितको तो घट्ट. तुमच्या पातीक पण वाफच पाठसून दाबांदे, स्प्रिंग होई कित्याक?

हे माझ्याकडे बघत राहिले. भाकरी तशीच टाकून उठले. मग डब्यातून चिरांच्या तळाशी वाफ जाईल अशी वाट पाडलंनी. वाफेला जोर आला की पाती बाहेर दाबली जाणार, जोर कमी झाला की पाती पण हलकी. डबा खरवडायचा थांबला. आणि इंजिन काय फिरलं हो! धक्का नाही, खडखड नाही, नुसतं घूंऽऽ. गिरणीतून तांदूळ पडायला लागले ते मी पदरात झेलले. सासू दारात येऊन म्हणाली, गरगरो पावलो गो बाये!

त्या दिवसापासून आबांचं बोलणं बदललं. बारक्याचो गरगरो जाऊन आमचा इंजिन झालं. वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखानदाराला त्यांनी बोलावणं धाडलं, गावाला सांगितलं, चालू करण्याआधी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. कुठलंही नवं काम असो, गावचा मानकरी नारळ ठेवून देवाशी मोठ्यानं बोलतो, कोण, कशासाठी, काय मागतो, आणि त्याच्या दर वाक्याला जमलेल्यांनी एका आवाजात होय म्हाराजा म्हणायचं. लहानपणापासून सवय. वाक्य संपतंय असं वाटलं की तोंडातून होय म्हाराजा निघतंच, अर्थ डोक्यात शिरायच्या आधी.

तात्या म्हणून मानकरी होते, आवाज असा की समुद्रावर ऐकू जावा. बा देवा रवळनाथा, आज हयसर तुझी लेकरा जमली आसत. होय म्हाराजा. ह्या घरावर तुझी सावली आसा ती तशीच ऱ्हवांदे. होय म्हाराजा. ह्या घरच्या कर्त्यान, ह्या आबान, आपल्या अकलेन आणि आपल्या हातान ह्या यंत्र घडवल्यान, तेका यश दी.

होय म्हाराजा.

सगळ्यांनी म्हटलं. मी म्हटलं. आणि माझ्या पुढ्यात उभे होते आमचे हे, त्यांनी पण म्हटलं, हात जोडून, खाली मान घालून. मग त्यांचे खांदे हलले ते मी पाठीमागून बघितलं, तेव्हा मला कळलं तात्या काय बोलून गेले ते. पण तोवर नारळ फुटला होता. मला ओरडायचं होतं, की आबांनी नाही, ह्यांनी. पण सासरच्या चार माणसांत नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही ही रीत, आणि नाव न घेता मी कुणाकडे बोट दाखवणार, आणि कुठल्या तोंडानं, देवापुढे हो म्हणून झाल्यावर? कारखानदार आबांच्या गळ्यात हार घालत होता.

मी तात्यांकडे गेले. तात्या म्हणाले, बाये, काल आबान येवन माका जा सांगल्यान, ताच मी देवाक सांगलंय. आबांना विचारलं तर हसून म्हणाले, अगो, गाऱ्हाण्यात कर्त्याचाच नाव येता. मी म्हटलं, आशीर्वाद मागताना येतं भावोजी, हातानं घडवलंन असं येत नाही. तर आबा म्हणाले, तुझ्या घोवाक इचार मगे, तो पण होय म्हणालो मा?

इंजिन वेंगुर्ल्याला गेलं. आबा पण गेले, कारखान्यात मोठे मिस्त्री म्हणून. हार घातलेला फोटो तिथे लागला.

हे मांगरात बसून होते. म्हणाले, सख्खो भाऊस गो, सख्ख्या भावान माझा नाव खाल्ल्यान. माझ्या तोंडून निघून गेलं, आणि भात्याच्या पडद्याचा कोणी सांगल्यान? शेजारचो तुमका इचारी होतो, ह्या सुचला कसा, तेव्हा तुम्ही माझ्यासमोर म्हणालात, माका आपोआप सुचला. चाय घेवन मी थंयच उभी होतंय. त्या विषयावर हे परत कधी बोललेच नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात हे मालवणच्या बंदरावर लाँची दुरुस्तीचं काम मिळालंय म्हणून जायला लागले. मला खरं वाटलं. मग एकदा जेवताना बघितलं तर बोटं उतलेली, कातडी सोललेली. काजूच्या सालीतलं तेल लागलं की कारखान्यातल्या माणसांची कातडी अशीच उतते. मालवणच्या बंदरावर काजूचं तेल कुठून येणार? मी ताट पुढ्यातून ओढून घेतलं. म्हटलं, आबांकडे जाता? त्यांचं इंजिन दुरुस्त करून देता, लपून, आणि माझ्याकडे खोटं बोलता? जळला मेला, शिरा पडली त्या इंजिनार!

हे म्हणाले, आबाक तेतला कायच कळणा नाय. पात्यो तिरप्यो बसवतत. इंजिन रडता गो. माका ऐकवणा नाय.

ताट परत पुढे सारलं, बोटांना खोबरेल लावलं. मग दर पावसात हे जायचे आणि मी विचारायची नाही.

वीज आली तेव्हा कारखान्यानं ते इंजिन तोडून भंगारात दिलं. हे बघायला गेले नाहीत. मग आबा वारले, त्यांच्या बाराव्याला लोक म्हणाले, काय डोकं होतं, अख्खं इंजिन घडवलं, आणि आमचे हे पंगतीत वाढत होते. पुढे हे पण गेले. शेवटच्या आजारात मी उशाशी बसायची, वाटायचं आता म्हणतील, नातवंडांसमोर तरी म्हणतील, की पडद्याचं हिनं सांगितलं. पाणी मागायचे, कूस वळवून दे म्हणायचे.

आता तुम्ही इतकं लिहून घेतलंत आणि विचारताय, आजी, आजोबांचं नाव काय. माझ्या सुना सांगतात सगळ्यांना, आमची आजी जुन्या वळणाची, अजून नवऱ्याचं नाव घेत नाही. सांगू देत. वळणाचं काही नाही हो त्यात. त्यांनी माझं घेतलंनी नाही, मी त्यांचं घेत नाही. फिटलं. नाव हवं असेल तर बाहेर झिलाला, माझ्या मुलाला, विचारा, तो सांगेल, आणि लिहा, मोठ्या अक्षरात लिहा, इंजिन त्यांनीच केलं होतं. देव तुमच्या हाताला यश देवो. चहा निवला वाटतं, थांबा, दुसरा ठेवते.