र ला र

प्रसूतिगृहाच्या बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा आणि कालच बाप झालेला त्यांचा मुलगा बसले होते.

“आपलं आडनाव र वरून, मग नावही र वरूनच हवं. र ला र लागला की कसं दणक्यात वाटतं. रेवती, रसिका, रोहिणी. घे कुठलंही.”

“तुमच्या तोंडी दणक्यात, बाबा. माझ्या तोंडी लेवती.”

“तुझंही र वरूनच ठेवलं होतं की.”

“म्हणून तल सांगतोय. शाळेत कुणी नाव विचाललं की मी गप्प उभा लाहायचो.”

“मला वाटायचं, लाजतोस.”

“पोलीला हाक मालताना तली मला गप्प बसायचं नाही.”

आजोबांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“सूनबाई काय म्हणते?”

“ती म्हणते, नाव तुम्हीच ठलवा.”

“बरं. आडनाव लागेल शाळेत. घरात हाकच लागते. तुला जमेल असं सांग.”

“मीनल.”

“त्यातला ल खरा ना? का र चा झालाय?”

“खला आहे, बाबा.”

“मग चल आत. पहिली हाक तू मार. आणि जरा मोठ्यानं मार.”