जास्वंदीला न सांगता

बसा, बसा सगळे. ओट्यावर अजून जागा आहे. सुनंदा, बेटा, तू अप्पांची लेक, तू पुढे ये. नामदेव अप्पांचा दहावा काल झाला, आणि आज डिंडोलीतली आपली अख्खी गल्ली त्यांच्या अंगणात जमली आहे. मला भाषण येत नाही. मी लूमच्या खात्यातला माणूस, तिथं मागांच्या खडखडाटात नुसतं ओरडायची सवय. पण आज मलाच बोलायचंय. शेजारी असून मी अप्पांशी खोटं बोललो, आणि खरं सांगायच्या आत अप्पा गेले.

अप्पा कोण होते, हे तुम्हाला काय सांगू? चौऱ्याण्णवच्या प्लेगात आपण सगळे गावाकडं पळालो, तेव्हा अप्पा आणि इंदूवहिनी मागं राहून आपल्या झाडांना पाणी घालत होते. झाड नुसतं उंच, लुकडं वाढलं, खाली उघडं आणि फूल फक्त शेंड्याला, की आपण अप्पांना हाक मारायचो. फांदी तिरपी कापायची, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, जरा वर. एका वेळी तिसरा हिस्सा, जास्त नाही. आणि आदल्या संध्याकाळी झाडावर हात ठेवून सांगायचं, "उद्या." न सांगता अप्पांनी कातर लावली नाही. आपण हसायचो. मी तर सगळ्यात जास्त.

फक्त एक झाड त्यांनी कधी छाटलं नाही. ही जास्वंद. इंदूवहिनींनी लावलेली. वहिनी गेल्या, आणि ती पार पत्र्याच्या वर गेली. मी म्हणायचो, "अप्पा, दुनियेची छाटता, आणि घरची अशी बांबूसारखी?" अप्पा म्हणायचे, "रोज विचारतो रे. ती नाही म्हणते."

मला दम निघत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. थंडीत अप्पा भाचीच्या लग्नाला अमळनेरकडं गेले आणि मी कातर घेतली. म्हटलं, आल्यावर खूश होतील. न सांगता, न विचारता, सगळीच्या सगळी गुडघ्याइतकी कापली. मग बघतो तर नुसती खुंटं! घाबरलो. अप्पा आले, तेव्हा म्हणालो, "म्हैस शिरली होती अंगणात."

अप्पांनी कापावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "म्हशीचे दात भलतेच तिरपे दिसतात, भगवान." बस. आत जाऊन हळद आणली आणि एकेका कापाला लावली.

एक महिना गेला, दुसरा गेला. एक डोळा फुटला नाही. अप्पा रोज संध्याकाळी तिथं उभे राहायचे. बोलायचे, मग थांबायचे, आणि मान हलवायचे. समोर कुणी नसायचं. माझ्या बायकोनं ते पाहिलं आणि आमची त्या बाजूची खिडकी बंद केली. एकदा मी जवळून चाललो होतो, तर मला म्हणाले, "ती विचारस, मले काबर नही सांगं?"

मला का नाही सांगितलं, असं ती विचारत होती. खरं तोंडापर्यंत आलं होतं हो! पण मी म्हणालो, "कोण विचारतंय, अप्पा?"

"राहू दे," अप्पा म्हणाले. "तुला जमेल तेव्हा सांग."

मग तो गुरुवार. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. अप्पा दारोदार फिरले. प्रत्येक झाडावर हात ठेवला. प्रत्येकाला म्हणाले, "उद्या." समोरच्या शांताबेननी विचारलंसुद्धा, "काका, एक दिवसमां बधां?" एका दिवसात सगळी कशी होणार? अप्पा हसून पुढच्या दारी गेले. तुम्ही कुंड्या ओळीनं मांडून ठेवल्या. माझ्या दारात तर तुळससुद्धा नाही. अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "उद्या." मी म्हणालो, "माझ्याकडं काय कापणार?"

शुक्रवारी सकाळी ते उठले नाहीत. छाटणी कसली, बाबांनो? ते जायचं सांगत फिरत होते. झाडांना सांगितलं. मलाही सांगितलं. मीच काही सांगितलं नाही.

आणि त्याच सकाळी जास्वंद फुटली. मागं वळून बघा. खुंटांना चारी बाजू आहेत. कोंब एकाच बाजूला आलेत. माझ्या दाराकडं. दहा दिवस मी मागच्या दारानं कामाला जातोय.

सुनंदा, तुझ्या आईचं झाड मी कापलं. मला माफ कर, पोरी. अप्पांची माफी मागायची वेळ मी घालवली.

आता सगळे उठा. दोन मिनिटं उभं राहू, डोळे मिटून. तेवढ्यात मी तिथं जातो, तिच्यावर हात ठेवतो, आणि तिला सांगतो. तुमच्यापैकी कुणाला उत्तर ऐकू आलं, तर कृपा करून मला सांगू नका.