भिंतीच्या भोकातली चिंधी

आधी माझी तक्रार. अध्यक्ष पाऊण तास बोलले, आणि मला म्हणे पाच मिनिटं! त्या पाऊण तासातही गल्लीमागची भिंत बांधणाऱ्या गवंड्याला त्यांनी पुन्हा एकदा चोर म्हटलं. तो तिथं दाराशी उभा आहे. असो. आता रीतसर सुरुवात करते.

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे भूगर्भ खात्याचे साहेब, म्हणजे आपले दगडसाहेब, आणि समोरच्या लेकीसुनांनो,

साहेब गल्लीमागची टेकडी तपासायला पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, "काय बघता? ती कुठं पळून चाललीय?"

"चाललीय, आजी. सावकाश. उन्हानं कातळ तापतो, गारव्यानं आकसतो, चिरतो. चिरेत पाणी शिरतं, मग मुळं शिरतात. कातळाची माती होते आणि खाली तुमच्याकडे निघते."

"येऊ दे," मी म्हटलं, "कुंड्यांना होईल." आता एवढी अक्कल कुणाला असते, सांगा!

टेकडी अडवणाऱ्या भिंतीला भोकं ठेवली होती ती टेकडीचं पाणी निघून जावं म्हणून. पण माझ्या धुतलेल्या कपड्यांवर त्यांतून गढूळ पिचकाऱ्या उडायच्या. मी काय केलं? जुनं हिरवं लुगडं फाडलं आणि नऊच्या नऊ भोकं ठासून बंद केली. कपडे पांढरेशुभ्र!

तीन पावसाळ्यांपूर्वी भिंतीला पोट आलं. सगळे ओरडले, गवंड्यानं सिमेंट खाल्लं. साहेबांनी सात घरं रिकामी केली, माझी तान्ही नात स्वतः उचलून बाहेर आणली आणि एकेका भोकात सळई घातली. चिंध्या निघाल्या, मागोमाग पाणी. साहेब नखशिखान्त भिजले, पण भिंत वाचली. त्यांनी हातातली चिंधी पाहिली, मग माझ्या दारातलं त्याच लुगड्याचं पायपुसणं पाहिलं. मी ते पायानं आत सारलं.

साहेबांनी कागदावर लिहिलं, गवंड्याचा दोष नाही. पण कागद वाचतो कोण? मला हळूच म्हणाले, "चिंधी कुणाची ते तुम्ही सांगायचं, आजी. पण मी जायच्या आत."

साहेब, आज जाताय. सांगितलं. तीन वर्षांनी मोकळा श्वास घेतेय.

गवंडीदादा, चुकले मी. साहेब, नात आता गल्लीभर धावतेय, तुमचे उपकार आहेत. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

आता राहिलं एकच. ह्या माणसाला चोर म्हटल्याबद्दल माफी कोण मागणार? साहेबांनी मध्ये पडायचं नाही, गवंड्यानंही 'असू दे' म्हणायचं नाही. अध्यक्ष, माईक घ्या. उभं राहून बोला.